एक चालू, एक उभा

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आयुष्यभर नदीचं पाणी टेकडीवर चढवत राहिले. शहर वर होतं, पाणी खाली होतं आणि मधे ते होते. नोकरी एवढ्यात सांगून होते. माणूस तसा सांगून होत नाही, म्हणून मी सावकाश जाणार आहे. आमच्या गावात गोष्ट सांगणाऱ्याला कुणी घाई करत नाही, आणि केली तरी मी ऐकत नाही.

पंपघर काठावर होतं. दगडी भिंती, उंच खिडक्या, तेल पिऊन काळी झालेली फरशी, आणि मधोमध दोन मोठे पंप, एका दावणीला बांधलेल्या बैलांसारखे शेजारी शेजारी. एक चालायचा, दुसरा उभा राहायचा. दुपार कलली की बदली व्हायची. चालणाऱ्याला थांबवायचं, उभ्याला जुंपायचं. त्या वेळी आवाज खाली बसायचा, श्वास धरल्यासारखा जरा अडायचा आणि मग नव्या दमाने वर यायचा. कुठल्याही यंत्राला थकेपर्यंत पळवायचं नाही, आणि त्याचा जोडीदार तयार असल्याशिवाय त्याला चालवायचं नाही, हा भाऊजींचा नेम. "एक चालू, एक उभा," असं ते म्हणायचे. पुढे पुढे ते घरातही शिरलं. खिशात किल्ल्या दोन, चष्मे दोन. छत्र्याही दोन घेतल्या होत्या. पाऊस आला की दोन्ही पंपघरात आणि ते घरी. लेक परीक्षेला निघाली की तिच्या दप्तरात पेनांची मोळी. ती वैतागायची, "बाबा, हात एकच आहे मला लिहायला!" ते तिच्या दुसऱ्या हाताकडे बघून म्हणायचे, "तो कशाला दिलाय मग? सवय कर."

ताई एकदा कपडे वाळत घालता घालता म्हणाली, "सगळ्याची जोडी ठेवलीत. माझी कुठे ठेवलीय ते सांगा, म्हणजे मी जरा पाठ टेकते."

"मागवली होती," भाऊजी म्हणाले. "कारखान्यातून उत्तर आलं, असला माल पुन्हा निघत नाही."

ताईने ओला टॉवेल फेकून मारला. मी हसलो, लेक हसली, आणि भाऊजी तो टॉवेल झटकून दोरीवर नीट घालत राहिले.

त्यांचं घर पंपघराच्या अंगणापलीकडे. लग्न होऊन ताई तिथे गेली तेव्हा पहिले दिवस तिने कानात कापसाचे बोळे घालून काढले. जमिनीतून, भिंतीतून, पाण्याच्या हंड्यातून, उशीतूनसुद्धा तो आवाज यायचा. मी पहिल्यांदा भेटायला गेलो तेव्हा रडवेली होऊन म्हणाली, "अरे, माणसाशी लग्न लावलंत की गिरणीशी?" मग ती माहेरी आली. आमचं घर शेतात, आवाज म्हणाल तर फांदीवरच्या पाखराचा. तर बाई टक्क जागी! सकाळी लाल डोळ्यांनी म्हणाली, "तुमचं घर मुकं आहे रे. कसे झोपता इथे?" आणि ठरल्यापेक्षा आधी निघून गेली. आई म्हणाली, "चला, पोरगी नांदली."

भाऊजींची काम करायची रीत अशी की त्यांना काटे आणि तबकड्या दिसत असायच्याच, पण ते आधी हात ठेवायचे. पंपाच्या अंगावर उजवा तळवा, डोळे खाली, मान जराशी कलती. गरम किती, थरथर कशी, कुठे काही दातांत अडकल्यासारखं होतंय का, हे तळव्याने बघायचं. घरी लेकीला ताप आला की तोच हात तिच्या पाठीवर. आणि ताईची हीच रीत झाली. भाताच्या भांड्यावर, लेकीच्या कपाळावर, बंद दारावरसुद्धा ती तळवा ठेवायची आणि पलीकडे काय चाललंय ते सांगायची.

दुपारची बदली झाली, दुसरा पंप ताळ्यावर आला, की भाऊजी अंगण ओलांडून चहाला यायचे. म्हणून ताईला घड्याळ कधी लागलं नाही. आवाज बसला की ती आधण ठेवायची. आवाज वर चढून स्थिरावला की दारात बुटांची माती झटकल्याचा आवाज व्हायचा. चहा ओतला जायचा.

"नीट लागला का?" ती विचारायची.

"तू सांग. तुला काय वाटतं?"

"दुसरा जरा खोकतोय."

आणि भाऊजी दुसऱ्या दिवशी तो खोकला शोधून काढायचे. हे मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

एका वर्षी नदी फुगली. पाणी अंगणात आलं. भाऊजी आणि त्यांचा फिटर पंपघरातच अडकले. ताई लेकीला घेऊन वरच्या वस्तीतल्या शाळेत राहिली होती. बाकीच्या बायका रडत होत्या, ही शांत. मी भिजत तिथे पोचलो तर मला म्हणाली, "बस. ते ठीक आहेत. ऐक ना, चालू आहे." खालून, पुराच्या आवाजाच्याही खालून, पंप घुमत होता. मग दुपारी तो बसला, अडला आणि वर आला. एवढ्या पाण्यातही भाऊजींनी बदली केली होती. ताईने लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "बघ, चहाला येऊ शकत नाहीत, पण निरोप पाठवलाय."

मग नवं पंपघर झालं, नदीच्या खालच्या अंगाला. तिथे सगळं आपोआप चालतं, माणूस फक्त कुलूप लावायला. जुने पंप बंद झाले त्याच सुमारास भाऊजीही निवृत्त झाले. शहरात, टेकडीवर, पहिल्या मजल्यावर घर घेतलं. खाली शिंप्याचं दुकान, दोन गल्ल्या सोडून लेकीचं सासर. नळाला पाणी यायचं. भाऊजी नळ सोडायचे, धारेखाली बोट धरायचे आणि पुन्हा बंद करायचे.

ताईचं विसरणं त्या घरात सुरू झालं. आधी नावं गेली, मग माणसं. शेजारणीला ती "या, बसा" म्हणायची आणि ती गेल्यावर "कोण होत्या?" विचारायची. मला कधी ओळखायची, कधी आमचे वडील समजून डोक्यावर पदर घ्यायची. ते एक वेळ चाललं असतं. पण तिची झोप गेली. डोळा लागला की दचकून उठायची, भाऊजींना गदागदा हलवायची. "अहो, उठा, पंप बंद पडलाय! पंप बंद पडलाय आणि तुम्ही झोपताय?" भाऊजी उठायचे. बूट घालायचे. जिन्यात जाऊन उभे राहायचे आणि परत येऊन सांगायचे, "केला चालू." ती कान द्यायची. घर मुकंच. "खोटं बोलताय," ती म्हणायची, आणि लहान मुलीसारखी थरथरायची.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. लेक औषधांच्या दुकानात काम करायची, तिने त्या गोळ्या बघितल्या आणि म्हणाली, "बाबा, ह्यानं आई झोपणार नाही, नुसती पडून राहील." मग भाऊजींनी फिटरला बोलावलं.

मी तेव्हा तिथेच होतो. दोघांनी सज्जात मांड ठोकली. जुन्या धुलाईयंत्रांच्या दोन मोटरी, एक जड लोखंडी चाक, त्याला एका बाजूला मुद्दाम लावलेलं वजन, आणि हे सगळं एका जाड लाकडी खोक्यात. चाक फिरलं की वजनामुळे हिसका बसायचा, खोकं घुमायचं. ताईला आत खुर्चीवर बसवलं होतं परीक्षक म्हणून.

भाऊजींनी खटका दाबला. ताईने नाक मुरडलं. "हा आपला नाही. हा पिठाच्या गिरणीचा."

वजन बदललं. "हा तर मेला भुंगा."

फिटर घाम पुसत म्हणाला, "वहिनी, सरकारी तपासनीस बरे होते हो, चहा पाजला की सही करायचे!"

"साहेबांना सांग जाड करायला," ताई म्हणाली. "आपला जाड आहे. पोटातून येतो."

फिटरचं नाव ती विसरली होती, लेकीचं लग्न विसरली होती, पण तो आवाज तिच्यात शाबूत होता. पाचर, पट्टी, खाली फळी, फळीवर चाक, असं करत करत एका दुपारी खोकं असं घुमलं की माझ्या पायाखालची फरशी जुन्या पंपघराची झाली. ताईने नाक मुरडलं नाही. खुर्चीतच तिची मान कलली आणि ती झोपली. भाऊजी सज्जाच्या दारात उभे, हातात पाना. फिटरने टोपी काढून डोळ्यांना लावली आणि म्हणाला, "तेल उडालं डोळ्यांत."

संध्याकाळी खालचा शिंपी वर आला. "साहेब, माझ्या कात्र्या टेबलावर चालायला लागल्यात. एक तर चालत चालत गिऱ्हाइकापर्यंत गेली." भाऊजींनी खोक्याखाली रबराच्या जाड चकत्या घातल्या, आणि शिंप्याची त्यांची गट्टी जमली.

मोटरी दोन का, हे मी विचारलं होतं. भाऊजी म्हणाले, "लहान जीव आहे. सतत एकीलाच पळवलं तर जळेल. एक दिवस ही, एक दिवस ती. दुपारी आपोआप बदली होते." म्हणजे आवाज दुपारी बसायचा, अडायचा, वर यायचा. आणि आवाज बसला की ताई उठून आधण ठेवायची.

म्हणून भाऊजींनी उरलेलं कामही हाती घेतलं. जेवण झालं की कामाचे जुने बूट घालायचे, "येतो गं, ड्युटीवर जातो" म्हणायचं आणि खाली शिंप्याच्या स्टुलावर जाऊन बसायचं. वर आवाज बसून पुन्हा चढला की जिना चढायचा, दारात बूट झटकायचे. माती नसायची, तरी झटकायचे.

"नीट लागला का?"

"तू सांग."

"दुसरा खोकतोय."

"उद्या बघतो."

मी एकदा जिन्यात त्यांना थोपवून म्हटलं, "भाऊजी, रचना झकास आहे. पण तुम्ही एखाद्या दिवशी आला नाहीत तर?"

ते हसले. "मी कुठे जातोय? आयुष्यभर अंगण ओलांडायला कधी चुकलो नाही, आता जिना तेवढा आहे."

ज्याने दोन छत्र्या घेतल्या, लेकीला पेनांची मोळी दिली, पुरात अडकूनही बदली चुकू दिली नाही, त्या माणसाने आयुष्यात एकच यंत्र असं बांधलं की ज्याच्या एका भागाला जोडीदार नव्हता. तो भाग ते स्वतः होते.

ते शिंप्याच्या स्टुलावरच गेले. भिंतीला टेकून, हात मांडीवर. शिंप्याला वाटलं डुलकी लागली. वर आवाज बसला, चढला, स्थिर झाला. "साहेब, बदली झाली," शिंपी म्हणाला. "साहेब, वहिनी वाट बघतील." मग त्याने मशीनवरचा पाय काढला.

वर चहा ओतलेला होता.

मी आलो आणि राहिलो. पहिल्या दिवशी लेकीने ताईला जवळ घेऊन सांगितलं. ताई जी रडली ते मी सांगणार नाही. संध्याकाळी डोळे पुसून म्हणाली, "अजून आले नाहीत ते?" लेकीने पुन्हा सांगितलं. ताई पुन्हा रडली, तितकीच, पहिल्यांदाच ऐकल्यासारखी. असं किती वेळा करायचं? तिसऱ्यांदा विचारल्यावर लेक माझ्याकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "ड्युटीवर गेलेत, आई."

पण खोकं घुमत होतं, आणि दुपार रोज येत होती. आवाज बसायचा. ताई आधण ठेवायची. आवाज वर यायचा, आणि ती दाराकडे तोंड करून बसायची, केस सारखे करून, पदर नीट करून. चहावर साय धरायची. ती बोटाने काढायची, साय पुन्हा धरायची, ती पुन्हा काढायची. मग चहा ओतून टाकायची आणि म्हणायची, "आज काहीतरी बिघडलंय वाटतं तिकडे."

लेक दुकानातून सुट्टी काढून त्या वेळेला यायला लागली, दारात चपला झटकून. ताई तिच्या खांद्यावरून जिन्याकडे बघायची. "तू? बरं झालं. ते मागून येतायत का?" फिटर आला. "साहेब अडकलेत जरा, वहिनी." ताई त्याला म्हणाली, "तू आलास आणि ते अडकले? कामं तू अडवायचास आणि ते सोडवायचे, असं होतं ना?" फिटर हसायला गेला आणि त्याचा चेहरा मधेच मोडला.

दिवसेंदिवस ती खंगायला लागली. जेवेना. "त्यांचं व्हायचंय अजून," म्हणायची. झोप होती, कारण आवाज होता. पण रोजची ती दुपार तिला आतून खरवडत होती, आणि आमच्याकडे कारणं उरली नव्हती.

शेवटी लेक म्हणाली, "बदली बंद करा. आवाज राहू दे, पण तो बसायला नको. बसला नाही तर ती वाट बघणार नाही."

फिटरने झाकण काढलं आणि आत बघत बसला. भाऊजींच्या हातचं काम होतं. तारासुद्धा वेणी घातल्यासारख्या. "बाई, तार काढतो मी," तो म्हणाला. "पण मग एकच मोटर सतत चालणार. साहेबांनी हे कधी होऊ दिलं नसतं. जळेल ती."

"किती चालेल?"

"चालेल तितकी चालेल."

"मग दुसरी लावू. बाजारात मिळते ती." लेकीचा आवाज चढला होता. "मिळतात ना मोटरी? मोटरी तरी मिळतात ना?"

फिटरने तार काढली. तिचं टोक चिंधीने नीट गुंडाळून ठेवलं, परत कधी लावायची असल्यासारखं.

त्या दुपारी आवाज बसला नाही. सरळ चालत राहिला. ताई खुर्चीत होती, आधण ठेवायला उठली नाही. लेकीने माझ्याकडे बघितलं. ऊन भिंतीवरून जमिनीवर उतरलं. मला वाटलं, सुटलो.

मग ताईची मान जराशी कलली. ती ऐकत होती. कपाळाला आठी पडली. "बदली झाली नाही," ती म्हणाली.

मी खोक्याकडे बघितलं.

"अरे, बदली झाली नाही. केव्हाचा तोच चालतोय. दमलाय तो, ऐकू येत नाही का तुम्हाला?" ती उठली. भिंत धरत सज्जात गेली. खोक्यावर उजवा तळवा ठेवला आणि डोळे खाली केले, अगदी त्यांच्यासारखे. "किती तापलाय! असं कुणी चालवतं?"

"आई, चल आत," लेक म्हणाली.

ताई हलली नाही. मग लेकीकडे वळली, आणि कितीतरी दिवसांनी तिच्या डोळ्यांत आमची ताई होती, पुरात शांत बसलेली.

"पूर आला तेव्हासुद्धा त्यांनी बदली चुकवली नव्हती," ती म्हणाली. "ते असते तर ह्याला इतकं तापू दिलं नसतं."

लेकीने तिचा दुसरा हात हातात घेतला.

"ते नाहीत ना गं?"

"नाहीत, आई."

"कधी?"

"झाले बरेच दिवस."

ताईने मान हलवली, कुणी हिशेब समजावून दिल्यावर हलवावी तशी. रडली नाही. "मग बंद कर हे," म्हणाली. "बिचारा एकटा किती धावेल?"

लेकीने खटका दाबला. चाक मंद झालं, मंद झालं आणि थांबलं. घर मुकं झालं. खालून शिंप्याचं मशीन तेवढं ऐकू आलं, आणि मग तेही थांबलं. आवाज गेल्याचं त्याला कळलं असणार.

आम्ही सांगितलेलं ती प्रत्येक वेळी विसरली होती. हे तिने स्वतः हात ठेवून ताडलं होतं, हे ती विसरली नाही. पुढे जितकी राहिली तितकी "ते कुठे आहेत" असं तिने पुन्हा विचारलं नाही. झोपही फारशी आली नाही. पण पंप बंद पडलाय म्हणून तिने कुणाला उठवलंही नाही.

त्या दुपारी मी सज्जात खुर्ची नेली. ती बसली, पण तळवा तिने खोक्यावरून उचलला नाही. लाकूड अजून गरम होतं. लेक तिच्या पायाशी बसली आणि डोकं तिच्या मांडीवर ठेवलं. समोरच्या गच्चीवरच्या टाकीत पाणी पडत होतं, नदीचंच, इतक्या वर चढून आलेलं. ऊन गेलं. ताईने हात तिथेच ठेवला होता, लाकूड पुरतं गार होईपर्यंत.